पूर्णा शेड ते पेंड्रे शेड

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राला खेटून टाउइन नावाचं गाव आहे. तिथून आतल्या डोंगरात एक लहानशी रेल्वे जाते. तिचं नाव तालिथ्लिन रेल्वे. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट तीन इंच, लांबी सव्वासात मैलांच्या आसपास. ब्रिन एग्लुइस इथल्या खाणीतली स्लेट, म्हणजे तिकडे छपरावर कौलांच्या जागी घालतात तो दगड, किनाऱ्यावर आणायला ती १८६५ साली बांधली. १९४६ च्या डिसेंबरात खाणीत वरचा भाग कोसळला आणि खाण बंद पडली. रेल्वे मात्र आजही चालते. पगारी माणसं मोजकी आहेत. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तिकीट देणारे, रूळ सांभाळणारे यांतले बहुतेक सगळे बिनपगारी स्वयंसेवक आहेत. तिथल्या पेंड्रे शेडमध्ये मीही सुट्टीच्या दिवशी काम करतो. पोटापाण्याची नोकरी मिडलँड्समधल्या एका कारखान्यात. मूळ गाव पूर्णा, जिल्हा परभणी.

पूर्णा म्हटलं की मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत येणारी मीटरगेज लाईन पूर्णेवरून नांदेड, सिकंदराबादकडे जायची आणि पूर्णेहूनच एक फाटा हिंगोली, अकोला, खांडव्याकडे निघायचा. निजामाच्या रेल्वेने वसवलेलं हे जंक्शन. ५ नोव्हेंबर १९५१ ला निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे झाली. पाट्या बदलल्या, लोको शेड तिथेच राहिलं. आमची कॉलनी म्हणजे अर्धं हैदराबाद होतं. शेजारी तेलुगू, पलीकडे उर्दू, मागे मराठी. भांडणं तिन्ही भाषांत व्हायची आणि मिटायचीही. मीनाक्षी एक्सप्रेस आणि अजंता एक्सप्रेस या दोन गाड्यांवर घरातली घड्याळं लावली जात.

माझे वडील, दादा, शेडमध्ये बॉयलरमेकर होते. वायपी इंजिनं पॅसेंजरला, वायजी मालगाडीला. दोन्ही दादांच्या हाताखालून जायची. ते ड्युटीवरून आले की आई न्हाणीघरात गरम पाणी ठेवायची आणि ते काळं होऊन मोरीतून जायचं. मला शेडमध्ये यायला सक्त मनाई होती. डबा घेऊन गेलो तरी फाटकाशी थांबायचं. “ह्या काळ्या कामाला तुला लावायचं नाही बाळा,” हे वाक्य घरात इतक्या वेळा ऐकलं की शिक्षण म्हणजे कोळशापासून लांब जाणं, एवढाच त्याचा अर्थ माझ्या डोक्यात बसला. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो, पुढे इकडे आलो. मी इंजिनिअर होईपर्यंत पूर्णेचं वाफेचं शेड संपलं होतं. डिझेल आलं, मग ब्रॉडगेज आलं, आणि २००८ मध्ये अकोल्यापर्यंतची लाईनही रुंद झाली. वाफेची इंजिनं भंगारात गेली. ती जाताना बघायला दादा गेले नाहीत.

कोळशापासून इतका लांब आलेला मी पुन्हा कोळशापाशी गेलो तो कुतूहलापोटी. मुलाला थॉमस या वाफेच्या इंजिनाच्या गोष्टींचं वेड होतं. त्या गोष्टी लिहिणारे पाद्री विल्बर्ट ऑड्री १९५२ साली तालिथ्लिनवर स्वतः गार्ड म्हणून काम करत, आणि त्यांच्या पुस्तकांतली स्कारलोई रेल्वे या रेल्वेवरूनच आलेली आहे, असं कळल्यावर आम्ही टाउइनला गेलो. मुलाने गाडीत बसून खाऊ खाल्ला आणि तो पुढच्या खेळाकडे वळला. मी शेडच्या दारात उभा राहिलो. कोळसा, गरम तेल आणि ओली राख यांचा तो वास चाळीस वर्षं नाकात कुठेतरी होताच. आत काम करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “आत यायचंय का?” आयुष्यात पहिल्यांदा शेडच्या आत यायला मला कुणी बोलावलं होतं.

तिथे सुरुवात साफसफाईपासून होते, मग तुमच्याकडे कुठलीही पदवी असो. इंजिन पुसायचं, राख काढायची, लाकडं फोडायची. या कामात माणूस तयार झाला की परीक्षा, मग फायरमन, मग आणखी वर्षांनी ड्रायव्हर. माझ्यासोबत शिकणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक दातांचा डॉक्टर, एक बसचालक, शाळा नुकतीच सोडलेला एक पोरगा. गाडी सकाळी निघायची असली तरी आग पहाटे लावावी लागते. आधी गेज ग्लासात पाणी बघायचं. पाणी दिसल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा नियम पूर्णेतही होता आणि पेंड्रेतही आहे. मग स्मोकबॉक्सचं दार उघडून काल साठलेली राख फावड्याने काढायची, नळ्यांतून सळई फिरवायची, फायरबॉक्समध्ये डोकं घालून दिव्याच्या उजेडात कुठे ओल दिसते का ते पाहायचं. सगळं ठीक असेल तर तेलकट चिंध्या, त्यावर लाकूड, लाकडाने धरलं की थोडा थोडा कोळसा. घाई केली की बॉयलरचा एक भाग तापतो, दुसरा थंडच राहतो, आणि पत्र्यांवर ताण येतो. लोखंडाला त्याच्या गतीने तापू द्यावं लागतं. तासाभराने कुठेतरी बारीक सुस्कारा ऐकू येतो, मग दाबाच्या घड्याळाचा काटा खिळ्यावरून सुटतो. त्या वेळी शेडमध्ये कुणी फारसं बोलत नाही.

या रेल्वेवरचं दोन नंबरचं इंजिन डोलगॉख १८६६ सालचं आहे. व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यात बांधलेलं, चार चाकांचं, पाण्याची टाकी मागच्या बाजूला. एक नंबरचं तालिथ्लिन त्याहून थोडं जुनं, १८६४ चं. आमच्या वायजी इंजिनासमोर ही दोन्ही लेकरंच. पण आत काम एकच. आग, पाणी, वाफ, दट्ट्या. दोन्हीकडचं हेच बॉयलरचं काम मला दादांची विद्या पहिल्यांदा उलगडून सांगून गेलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

बॉयलरच्या फायरबॉक्सला दोन भिंती असतात. आतली आगीकडची, बाहेरची हवेकडची, मधे पाणी. वाफेचा दाब या दोन भिंतींना एकमेकींपासून फाकवायला बघतो. त्या फाकू नयेत म्हणून दोन्हींना आरपार धरून ठेवणाऱ्या शेकडो आखूड सळया असतात. त्यांना स्टे म्हणतात. एखादा स्टे तडकला तर बाहेरून काहीच दिसत नाही. त्याचा भार शेजारच्यांवर जातो, मग ते तुटतात, आणि एका मागोमाग एक असे बरेच तुटले तर पत्रा फुगतो. पुढे काय होतं ते जगभरच्या बॉयलर अपघातांच्या चौकशांत नोंदलेलं आहे. म्हणून बॉयलर थंड असताना बॉयलरमेकर आत शिरतो आणि हातोडीने एकेक स्टे वाजवत जातो. चांगला स्टे ठण्ण वाजतो. तुटलेला बद्द वाजतो. काही स्टेंना मधोमध बारीक भोक ठेवलेलं असतं, तडा तिथवर गेला की त्यातून पाणी पाझरून चुगली करतं. पण भोक क्षाराने बुजलेलं असू शकतं. शेवटी भरवसा हातोडीवरच.

पेंड्रेत एका बॉयलरची तपासणी चालू होती तेव्हा मला दिवा धरून उभं केलं होतं. वाजवणारा माणूस जाणता, वयस्कर. तो ओळीने वाजवत होता, खडूने खुणा करत होता, आणि मला बाहेर उभ्या उभ्या कळायला लागलं की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. शेडच्या भिंतीपलीकडून, क्वार्टरच्या ओट्यावर गृहपाठ करताना, मी तो वर्षानुवर्षं ऐकला होता. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि मधेच एक पोकळ आवाज, मग थोडी शांतता. ती शांतता म्हणजे दादा खडूने खूण करत असणार. आठवडी बाजारात रांजण घेतानाही ते प्रत्येक रांजण बोटाने वाजवून, मान तिरकी करून ऐकत. आई वैतागायची. आम्हाला तो त्यांचा हट्ट वाटायचा. ती त्यांची विद्या होती, आणि घरातल्या कुणालाही ती विद्या आहे हे ठाऊक नव्हतं.

आता तालिथ्लिन रेल्वेची कथा. १९११ पासून ती सर हेडन जोन्स यांच्या मालकीची होती. ते त्या भागाचे खासदारही होते. जिवंत असेपर्यंत रेल्वे चालवीन, असं त्यांनी ठरवलं होतं आणि तोट्यात जाऊनही ते पाळलं. १९४८ साली ब्रिटनच्या रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही रेल्वे त्या यादीतच नव्हती, त्यामुळे सरकारने तिला ना घेतलं ना बंद केलं. जुलै १९५० मध्ये सर हेडन गेले. रूळ झिजून पार गेले होते, स्लीपर कुजले होते, गवत इतकं माजलं होतं की काही ठिकाणी रूळ जागेवर राहिले ते त्या गवतामुळेच, असं जुने सदस्य सांगतात. अशा वेळी टॉम रोल्ट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी ११ ऑक्टोबर १९५० ला बर्मिंगहॅममधल्या एका हॉटेलात सभा बोलावली. सर हेडन यांच्या पत्नीने साथ दिली आणि संस्था उभी राहिली. १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांची पहिली गाडी टाउइनहून थोड्या अंतरावरच्या ऱ्हिडरॉनेनपर्यंत गेली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. आमची निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली तेही याच साली, सहा महिन्यांनंतर.

पहिल्या वर्षी त्यांच्याकडे चालू इंजिन एकच होतं, डोलगॉख, आणि तेही दमलेलं. शेजारची कोरिस रेल्वे १९४८ साली बंद झाली होती, तिचंही माप दोन फूट तीन इंचच. तिची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली. त्यांतल्या सर हेडन नावाच्या इंजिनाच्या चाकांच्या धावा अरुंद होत्या आणि तालिथ्लिनच्या रुळांमधलं अंतर ठरलेल्या मापाहून थोडं जास्त. चाकं रुळांच्या मधे पडू लागली. मग ते इंजिन बाजूला ठेवून आधी लाईन नीट करायला माणसं लागली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. इंजिनाचं कौतुक सगळे करतात, फोटो इंजिनाचे निघतात. पण आजवर ही रेल्वे टिकली ती हिवाळ्याच्या पावसात झुडपं तोडणाऱ्या, स्लीपर बदलणाऱ्या, नाल्या मोकळ्या करणाऱ्या लोकांवर. त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन कुणी जात नाही. १९७६ साली प्रवासी गाडी खाणीच्या पायथ्याशी नांट ग्वेर्नॉलपर्यंत नेली तीही याच हातांनी.

एका गोष्टीवर मी बरीच वर्षं अडलो होतो. दादांच्या डोळ्यांत रोज कोळशाची कणी जायची. फायरबॉक्स पुरता थंड व्हायच्या आत त्यांना आत शिरावं लागे, कारण इंजिन संध्याकाळच्या गाडीला लागायचं असे. डोक्यावर पाट्या घेऊन कोळसा वाहणाऱ्या बाया होत्या, त्यांची तर कुठल्याच रजिस्टरला नीट नोंद नसावी. शेडमधल्या माणसांना गावात मान होता तो नोकरी सरकारी म्हणून, कामाला नव्हता. आणि इथे सुखवस्तू माणसं वर्गणी भरून, गाडीभाडं खर्चून तेच काम करायला येतात. ज्या कामात त्यांना समाधान मिळतं त्याच कामाने माझ्या बापाचे कान गेले. हे दोन्ही एकाच तराजूत घालायचं कसं?

उत्तर हळूहळू कामातूनच मिळालं. संध्याकाळी गाडी परत आली की इंजिनाची आग खाली पाडायची, अ‍ॅशपॅन उपसायचा, स्मोकबॉक्स झाडायचा. हे सगळ्यांत घाण काम. पेंड्रेत ते ज्याची पाळी असेल तो करतो, आणि बरीच वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हरही फावडं घेऊन मदतीला उभा राहतो. कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. डॉक्टरच्या अंगावर राख उडते आणि बसचालक त्याला सांगतो की फावडं असं नको, असं धर. तिथे माणसाची किंमत त्याला काय येतं यावर ठरते. तिथे मला कळलं की दादांच्या कामात कमीपणा आणणारी गोष्ट कोळसा नव्हती. ते काम ठरावीक माणसांच्याच वाट्याला यायचं, आणि ज्यांच्या वाट्याला यायचं त्यांना ते किती अवघड आहे हे बाकीच्यांनी कधी जाणून घेतलं नाही, दुखणं ते होतं. दादांच्या घामाची भरपाई यातून होत नाही. पण त्या कामाकडे बघायची माझी नजर बदलली.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन हेच शिकवलं. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात आमच्या परभणीकडची कितीतरी माणसं पाळीने सेवेला जातात. बँकेतला साहेब तिथे पंगतीत वाढतो, जोडे सांभाळतो, फरशी पुसतो, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन कामावर हजर होतो. महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणी, गंगाखेडवरून जाते तेव्हा हजारो माणसांची सोय कुठल्याही सरकारी आदेशाविना होते. स्वयंसेवकांवर एवढा डोलारा चालेल का, असा प्रश्न मला इकडच्या आणि तिकडच्या दोन्ही लोकांनी विचारला आहे. ज्याने शेगाव पाहिलं आहे त्याला तो प्रश्न पडू नये. आपण ही ताकद देवस्थानाला देतो. यंत्राला, कारागिरीला, कामाच्या जागेला देण्याचा विचार अजून आपल्या मनात आलेला नाही, एवढंच.

नॅरोगेजशी महाराष्ट्राचं नातं तर फार जुनं. आमच्या शेजारच्या लातूरपर्यंत येणारी बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटांच्या रुळांवर, एका आखाला पाच टनांहून जास्त भार न देता, मोठी क्षमता कशी मिळवता येते हे त्याने बार्शीच्या मातीत दाखवून दिलं. तोच अनुभव घेऊन तो इंग्लंडला गेला आणि स्टॅफर्डशरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेची इंजिनं बार्शीच्या धर्तीवर झाली. पेंड्रेत हे सांगितलं तेव्हा दोन-तीन जण बार्शी कुठे आहे ते नकाशात शोधू लागले. त्यांना कॅलथ्रॉप माहीत होता, कुर्डूवाडी माहीत नव्हती. आपल्याकडे कुर्डूवाडी माहीत असते, कॅलथ्रॉप माहीत नसतो.

बार्शी लाईट ब्रॉडगेज झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. लातूरच्या माणसाला मुंबईची थेट गाडी मिळू नये असं कोण म्हणेल? यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेवर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, आणि तिच्यासाठी आजही वऱ्हाडातली माणसं आवाज उठवतात. नेरळ-माथेरान १९०७ पासून आहे, ती मध्य रेल्वे चालवते. पावसाने लाईन वाहून गेली की बंद पडते, पुन्हा उभी राहते. आमच्या मीटरगेजचा तर एकच तुकडा जिवंत राहिला. पूर्णेहून अकोला, खांडवा, महू करत अजमेरकडे जाणाऱ्या त्या लांबलचक लाईनीतला पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट. तिथे २०१८ च्या डिसेंबरात वारसा गाडी सुरू झाली. मीनाक्षी एक्सप्रेस ज्या घाटातून जायची त्याच घाटात. परभणी-पूर्णेच्या माणसाने एकदा तिथे जाऊन यावं. रूळ आपलेच आहेत.

पूर्णेत उद्या वाफेची गाडी पळेल असं स्वप्न मी कुणाला दाखवणार नाही. रूळ गेले, इंजिनं गेली, आणि वाफेचं इंजिन चालवणं हे खर्चाचं आणि जोखमीचं काम आहे. तालिथ्लिनलाही ते सोपं जात नाही. वेल्समधली फोस-इ-व्रान ही कोळशाची खाण २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि वेल्सच्या डोंगरांतल्या वाफेच्या इंजिनांना वेल्सचाच कोळसा मिळेनासा झाला. आता बाहेरून येणारा किंवा भुकटीपासून बनवलेला कोळसा वापरून बघणं चालू आहे. तो वेगळा जळतो, वेगळी क्लिंकर, म्हणजे वितळून गोठलेली राख, करतो, आणि फायरमनला नव्याने शिकावं लागतं. तरुण स्वयंसेवक मिळवणं तर त्याहून कठीण. पण तिथे एक व्यवस्था आहे. जे एकाला येतं ते दुसऱ्याला शिकवलं जातं आणि लिहून ठेवलं जातं. कुठला बॉयलर कधी धुतला, कुठल्या ओळीतला कितवा स्टे कधी बदलला, कुठल्या चढावर पाणी किती ठेवायचं, सगळ्याच्या वह्या आहेत. १९५१ ची माणसं गेली, वह्या आणि शिष्य राहिले. म्हणून १८६६ चं इंजिन २१व्या शतकात गाडी ओढतं.

पूर्णेत हीच गोष्ट नव्हती. विद्या होती, आणि काही बाबतीत पेंड्रेहून सरस होती. गेल्या वेळी घरी गेलो तेव्हा फोन समोर ठेवून दादांना विचारायला बसलो. त्यांना आता फार कमी ऐकू येतं, म्हणून प्रश्न कागदावर लिहून दाखवत होतो. आधी ते “काय करायचंय आता त्याचं” म्हणाले. मग मी स्टेचा विषय काढला आणि ते ताठ बसले. बॉयलर धुताना खालून निघणारा गाळ तळहातावर घेऊन त्याच्या रंगावरून आत पत्र्याची काय दशा असेल ते कसं ओळखायचं, हे त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की क्षार वाढतो, तेव्हा वॉशआउट लवकर घ्यायचं. सिंगरेणीच्या कोळशाची राख जास्त, मग जाळी कशी हलवायची. शेवटी मी लिहून विचारलं, कान गेल्यावर शेवटची काही वर्षं स्टे कसे तपासले? त्यांनी टेबलावरचा अडकित्ता उचलला आणि टेबलाच्या कडेवर हलकेच आपटला.

“कानाने कुठं? हातोडी परत कशी येते ते हाताला कळतं. चांगला असला की उडून येते. तुटलेला असला की बसते.”

पेंड्रेला परतल्यावर मी हे त्या वयस्कर माणसाला सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, पण शब्दांत मांडलेलं मी पहिल्यांदा ऐकतोय. आता नव्या मुलांना शिकवताना तो पूर्णेच्या बॉयलरमेकरचं नाव घेऊन हे सांगतो. वेल्समधल्या शेडमध्ये दादांची ही एक गोष्ट कामाला लागली, आणि पूर्णेत ती ऐकायला कुणी आलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

शेवटची वाफेची इंजिनं हाताळलेले आमच्याकडचे फिटर, बॉयलरमेकर, फायरमन, ड्रायव्हर, खलाशी, पॉइंट्समन, गाडीला टोकनचा गोळा देणारे-घेणारे स्टेशनमास्तर आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पूर्णा, परभणी, नांदेड, हिंगोली, अकोला, परळी, जिथे जिथे मीटरगेज होतं तिथे ते आहेत. त्यांच्या मुलांनी, नातवंडांनी आणि गावातल्या शिक्षकांनी एवढं करावं. फोन समोर ठेवा आणि विचारा. तब्येत कशी आहे, एवढ्यावर थांबू नका. काम विचारा. पहाटे शेडमध्ये गेल्यावर पहिली गोष्ट काय करायचा? कुठलं इंजिन खोडीचं होतं, आणि त्याची खोड कशी काढायचा? चढावर वाफ कमी पडली तर काय करायचं? कोणाकडून शिकलात? कोळसा वाहणाऱ्या बाया कोण होत्या, त्यांची नावं आठवतात का? जुने फोटो असतील तर त्यातल्या प्रत्येकाचं नाव मागे पेन्सिलीने लिहा. त्यांची अवजारं भंगारात देऊ नका. परभणीच्या एखाद्या कॉलेजने किंवा वाचनालयाने हे एकत्र ठेवायची जबाबदारी घेतली तर माझ्याकडचं दादांचं सगळं रेकॉर्डिंग मी द्यायला तयार आहे, आणि सुट्टीत येऊन कामही करायला तयार आहे. हे दहा वर्षांनी करता येणार नाही, यंदाच सुरू करावं.